जॉर्जटाउनचा क्रूझिंग रेगाटा: शिडाआधी नांगर

बहामाजमधल्या ग्रेट एक्झुमा बेटावर जॉर्जटाउन हे छोटंसं गाव आहे. त्याच्यासमोर एलिझाबेथ हार्बर आणि पलीकडे स्टॉकिंग आयलंडची लांबट पट्टी. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला या बंदरात क्रूझिंग रेगाटा, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतींचा मेळा, भरतो. हिवाळाभर आपापल्या बोटीवर राहणारी माणसंच तो भरवतात आणि तीच त्यात उतरतात. व्यावसायिक आयोजक नाही, रोख बक्षीस नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेल्या या आठवड्याला चांगल्या वर्षी तीनशेच्या वर बोटी जमतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. जरूर जा, पण रेगाटा सुरू व्हायच्या किमान आठ-दहा दिवस आधी पोचा. आदल्या संध्याकाळी धावतपळत आलेल्या बोटीला उरलेल्या फटीत नांगर टाकावा लागतो आणि मग सगळा आठवडा त्या फटीची काळजी करण्यात जातो. इथली खरी परीक्षा शर्यतीच्या रेषेवर होत नाही, नांगरावर होते.

पोचण्याबद्दल थोडक्यात. फ्लोरिडाहून येणाऱ्यांनी गल्फ स्ट्रीम उत्तरेच्या वाऱ्यात ओलांडू नये. प्रवाह उत्तरेकडे वाहतो, समोरून वारा आला की लाटा उभ्या राहतात. पुढे एक्झुमाच्या बेटांच्या आडोशाने दक्षिणेकडे येताना पाणी शांत आणि उथळ असतं, पण शेवटचे ३०-४० नॉटिकल मैल बाहेर, खोल एक्झुमा साउंडमधूनच जावं लागतं. तिथे जाण्यासाठी दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेतून, म्हणजे कटमधून, बाहेर पडायचं. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना पूर्वेचा वारा समोरून आला की कटच्या तोंडाशी लाटांची भिंत तयार होते. भरती सुरू होताना किंवा पाणी थांबलेलं असताना निघा. जॉर्जटाउनला उत्तरेकडच्या काँच के (के म्हणजे छोटं बेट) कटमधून आत येताना दिशा आग्नेयेची असते, म्हणजे सकाळी सूर्य थेट डोळ्यांवर. प्रवाळाचे तपकिरी डाग तेव्हा दिसतच नाहीत. ऊन डोक्यावर आल्यावर किंवा त्यानंतरच आत शिरा आणि एका माणसाला पोलराइज्ड चष्मा लावून नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभं करा.

मुंबईच्या बंदरात शिडं हाकायला शिकलेल्याला इथे दोन गोष्टी वेगळ्या लागतील. तिकडे उधाणाला पाणी ४ मीटरपर्यंत चढतं-उतरतं, इथे जेमतेम १ मीटर. म्हणून बेफिकीर राहू नका. वाळूचे उथळ पट्टे इतके आहेत की पाण्याखाली २ मीटर जाणाऱ्या बोटीला तोच एक मीटर निर्णायक ठरतो. दुसरं, तिकडे गाळात नांगर रुतायला वेळ लागतो आणि तो दिसत तर नाहीच. इथे पाणी काचेसारखं आहे. मास्क लावा, उडी टाका आणि नांगराचा फाळ वाळूत पूर्ण गाडला गेला आहे का हे स्वतः पाहा. काही ठिकाणी वाळूचा थर विताएवढाच असतो आणि खाली खडक. वरून तोही पांढराशुभ्रच दिसतो. इंजिन रिव्हर्सला घेऊन ताण दिल्यावर फाळ खरवडत गेला, तर जागा सोडून द्या. तिथेच पुन्हा टाकून उपयोग नाही.

साखळी किती सोडायची? स्टॉकिंग आयलंडच्या बाजूला बहुतेक ठिकाणी ३ ते ५ मीटर पाणी आहे. भरतीच्या वेळची खोली ४ मीटर आणि पाण्यापासून बो-रोलरपर्यंतची (साखळी जिथून खाली सुटते त्या नाळेवरच्या चाकापर्यंतची) उंची १.५ मीटर धरली तर ५.५, आणि सातपट म्हणजे ३८ ते ३९ मीटर. गर्दीत लोक हिशेब करतात फक्त खोलीचा, रोलरची उंची धरायला विसरतात आणि पाचपटीवर भागवतात. नेहमीच्या पूर्वेच्या वाऱ्यात ते चालूनही जातं. नायलॉनचा स्नबर, म्हणजे धक्के झेलणारा दोर, लावा, नाहीतर रात्रभर साखळीचे धक्के थेट विंडलासवर (साखळी ओढणाऱ्या यंत्रावर) बसतात. शेजारची बोट दोरावर आहे की साखळीवर, हे विचारून घ्या. दोरावरची बोट मंद वाऱ्यात जास्त भटकते आणि पहाटे तीनला दोन बोटी एकमेकींवर आपटतात त्या यामुळेच.

पण खरा प्रश्न थंड हवेच्या फ्रंटचा आहे आणि या मोसमात तो दर काही दिवसांनी येतोच. आधी वारा पूर्वेकडून आग्नेयेला सरकतो, मग दक्षिणेला, नैर्ऋत्येला जाऊन जरा पडतो. हवा उबदार आणि छान वाटते. त्यानंतर पश्चिमेचा आणि वायव्येचा जोर येतो, अनेकदा एका झटक्यात, २० ते ३० नॉटचा. वारा उत्तर, ईशान्य करत पुन्हा पूर्वेला स्थिरावायला दीड-दोन दिवस लागतात. स्टॉकिंग आयलंडचा किनारा पूर्वेच्या वाऱ्याला उत्तम आडोसा देतो, म्हणून सगळी गर्दी मॉन्युमेंट, व्हॉलीबॉल बीच आणि सँड डॉलर या तिन्ही बीचसमोर असते. पश्चिमेच्या वाऱ्यात हेच किनारे पाठीशी येतात. बंदराची साधारण मैलभर रुंदी ओलांडून आलेल्या आखूड लाटा बोटींना किनाऱ्याकडे रेटतात. अशा वेळी गावाकडची किड कोव्हसमोरची जागा किंवा क्रॅब केच्या मागचा रेड शँक्स बरा. रेड शँक्समध्ये शिरायची वाट उथळ आहे, भरतीलाच जा. आणि हलायचं असेल तर वारा दक्षिणेला गेला की लगेच हला. नैर्ऋत्येला गेल्यावर सगळेच हलायला लागतात. बारच्या जवळची जागा म्हणून नांगर टाकणाऱ्यांबद्दल एवढंच म्हणेन, की डिंगीने, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीने, पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पण मागे तीन बोटींच्या लांबीएवढं मोकळं पाणी हवं.

रोज सकाळी ८ वाजता व्हीएचएफ रेडिओच्या ७२ नंबर चॅनेलवर क्रूझर्स नेट, म्हणजे बोटवाल्यांची रेडिओवरची सभा, असते. हवामान, सूचना, हरवलं-सापडलं, कोणाकडे कोणता पार्ट आहे, सगळं तिथेच. एकमेकांना हाक मारायला ६८. बंदरातल्या बोलण्याला १ वॉट पुरतो, २५ वॉटवर बोललात तर लांबच्या अँकरेजमधल्यांनाही तुमचा रात्रीच्या जेवणाचा बेत कळतो. नेटवर स्वयंसेवक मागितले की हात वर करा. हा आठवडा त्याच लोकांवर चालतो आणि समिती दर वर्षी बदलत असल्यामुळे नियोजनाचा दर्जाही वर-खाली होतो. जमलेले पैसे स्थानिक उपक्रमांना जातात, त्यामुळे टी-शर्टवर घासाघीस करू नये.

आता शर्यती. मुख्य दोन: एक बंदराच्या आत आणि दुसरी स्टॉकिंग आयलंडला बाहेरून वळसा घालणारी. बाहेरच्या शर्यतीत साउंडची लाट मिळते, तेव्हा केबिनमधली प्रत्येक वस्तू बांधून ठेवा. महिनाभर नांगरावर उभी असलेली बोट म्हणजे तरंगतं घर असतं आणि पहिल्या टॅकला, म्हणजे वाऱ्यासमोरून वळताना, घरातली सगळी भांडी जमिनीवर येतात. आदल्या दिवशी कीलचा (बोटीच्या तळाच्या कण्याचा) आणि प्रोपेलरचा शेवाळ-शिंपल्यांचा थर खरवडून काढा. नव्या शिडापेक्षा याचा फायदा जास्त. डिंगी, डिझेलचे कॅन आणि बिमिनी (उन्हासाठीचं कापडी छत) उतरवा. नांगर उचलून जाणार असाल, तर आपली जागा राखून ठेवायला एक डिंगी छोट्या नांगरावर सोडून जातात. ही पद्धत शेजाऱ्यांना सांगून केली तरच मानली जाते.

शर्यत सुरू करताना इशारे देण्याची सर्वसाधारण पद्धत ५ मिनिटं आधी, मग ४, १ आणि शून्य अशी असते. इथे नेमकी कोणती ते स्किपर्स मीटिंगमध्येच कळतं आणि ती चुकवलेली बोट रेषेवर सगळ्यांना त्रास देते. रेषेवर क्रूझिंग बोटी जड असतात, वळायला वेळ घेतात आणि स्टारबोर्ड टॅकचा हक्क (उजवीकडून वारा घेणाऱ्या बोटीला आधी वाट) सगळ्यांना पाठ असतोच असं नाही. हक्क असला तरी जागा द्या. इथला प्रत्येक जण स्वतःच्या घरावर बसून शर्यत करतोय. निघण्याआधी विम्याचा कागद वाचा, अनेक पॉलिसींमध्ये शर्यत वगळलेली असते आणि हँडिकॅपवरची (बोटीनुसार वेळेत सवलत देणारी) मैत्रीपूर्ण शर्यतसुद्धा शर्यतच धरली जाते.

आठवड्याचा जीव मात्र किनाऱ्यावर आहे: व्हॉलीबॉल, करमणुकीचा कार्यक्रम, मुलांचे खेळ आणि कोकोनट चॅलेंज. कोकोनट चॅलेंजमध्ये बंदरात नारळ सोडतात आणि चौघांची टोळी डिंगीतून ते गोळा करते. इंजिन नाही, वल्ही नाहीत, हातात फक्त पोहायचे फिन. दोघांनी नाळेच्या दोन्ही बाजूंच्या हवा भरलेल्या ट्यूबवर घोड्यावर बसल्यासारखं बसावं, मांडीने ट्यूब पकडावी आणि फिनचं पातं दोन्ही हातांनी आडवं धरून पाणी मागे ढकलावं. मागच्या दोघांपैकी एकाने दिशा सांभाळायची, एकाने नारळ उचलायचे. चौघंही वल्हवायला लागले की डिंगी जागच्या जागी फिरते. ओला नारळ एका हाताने निसटतो. दोन्ही तळव्यांत धरून सरळ पायांमध्ये टाका, जमिनीवर गडगडू देऊ नका. ट्यूबमधली हवा सकाळी गच्च भरू नका, दुपारच्या उन्हाने ती फुगते. अंगावर लांब बाह्यांचा शर्ट हवा, नाहीतर रबराने कोपर सोलवटतात. या एका तासासाठी मी अख्ख्या आठवड्याची शिफारस करेन. आदल्या दिवशी शर्यतीत एकमेकांवर ओरडलेली माणसं इथे एकाच नारळावर झडप घालतात आणि हसत पाण्यात पडतात.

खाण्यापिण्याचं सांगायचं तर व्हॉलीबॉल बीचवरच्या चॅट अँड चिलला रविवारी भाजलेलं डुक्कर असतं आणि बाजूला काँच सॅलडचा ठेला. काँच म्हणजे मोठ्या शंखातली समुद्री गोगलगाय, समोरच कापून त्यात लिंबू, कांदा, टोमॅटो आणि गोट पेपर नावाची तिखट मिरची घालतात. आपल्या कोशिंबिरीच्या अंगाने जाणारा, पण चावायला चिवट. रांग लांब असते, भूक लागायच्या आधी ऑर्डर द्या. टाकलेल्या तुकड्यांसाठी पाकट काठाशी येतात, पाय घासत चाला. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ, मसाले आणि गव्हाचं पीठ घरूनच भरून आणा. भाजीपाला मालवाहू बोटीने येतो आणि ती हवामानामुळे लांबली की दुकानाच्या फळ्या रिकाम्या. रेगाट्यात तीनशे बोटी त्याच कोथिंबिरीमागे असतात. बहामियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीने चालतो.

गावात उतरायला लेक व्हिक्टोरियातल्या डिंगी डॉकवर जायचं. वाट एका बुटक्या पुलाखालून आहे आणि एका वेळी एकच डिंगी मावते. थांबा, आतून कोणी येतंय का बघा, मग शिरा. पिण्याचं पाणी डॉकवर नळाने मोफत मिळतं. २० लिटरचे दोन-तीन कॅन आणि स्वतःची गाळणी न्या, मागे रांग असेल तर दोन भरून बाजूला व्हा. डिंगीवर रात्री पांढरा सर्वदिशा दिवा लावायलाच हवा. एवढ्या गर्दीच्या बंदरात मनगटावर टॉर्च बांधून पूर्ण वेगाने जाणारी माणसं हा या आठवड्यातला सगळ्यात मोठा धोका आहे. टॉयलेटची टाकी बंदरात सोडू नका, पोहायचं त्याच पाण्यात आहे.

क्रूझिंग परमिट आणि नांगर टाकण्याचे दर जुलै २०२५पासून बदलले, म्हणून जुने आकडे धरून बजेट करू नका. अमेरिकेत परतताना तिथल्या सीमाशुल्क खात्याकडे (सीबीपी) नोंद करावी लागते, त्यासाठी त्यांचं रोम ॲप आहे, आणि भारतीय पासपोर्टवरच्या प्रत्येकाने दोन्ही देशांचे व्हिसा निघण्याआधी तपासावेत.

मुक्काम एप्रिलअखेरपर्यंत वाढवता आला तर नॅशनल फॅमिली आयलंड रेगाटा पाहून जा. नावं सारखी असल्यामुळे दोन्हींची गल्लत होते, पण १९५४पासून भरणारा तो बहामाजच्या लोकांचा स्वतःचा सोहळा आहे, लाकडी स्लूपचा, म्हणजे एका डोलकाठीच्या बोटींचा. तिथे बोटी रेषेवर नांगर टाकून, शिडं खाली ठेवून उभ्या असतात. इशारा झाला की खलाशी दोर ओढत नांगर उचलतात, मेनसेल (मुख्य शीड) चढतं आणि बाकीचे बोटीबाहेर काढलेल्या लांब फळीवर, प्रायवर, टोकापर्यंत सरकत जातात.