नॉटविथस्टँडिंग, डिस्पाइट की सब्जेक्ट टू?

भाडेकराराचा इंग्रजी ड्राफ्ट स्वतः करायला घेतला की हा प्रश्न येतोच. दोन कलमांत वरचढ कोण ते सांगायला हे शब्द लागतात. नॉटविथस्टँडिंग आणि डिस्पाइट म्हणजे 'अमुक असलं तरी', सब्जेक्ट टू म्हणजे 'अमुकच्या अधीन राहून'.

नॉटविथस्टँडिंगचा रुबाब मान्यच करायला हवा. संविधानातलं 370 ह्याच शब्दाने सुरू व्हायचं, आणि आपल्या कामाचं बोलायचं तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम 24 आणि 55 पण ह्यानेच सुरू होतात, म्हणजे इतरत्र काहीही लिहिलेलं असो, मुदत संपली की लायसन्सीने (लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने) जागा सोडायची आणि करार लेखी करून रजिस्टर करायचा. शिवाय हा नामानंतरही बसतो, 'रेन नॉटविथस्टँडिंग', आपल्या 'पाऊस असूनही' सारखाच. डिस्पाइटला ते जमत नाही.

पण मला ह्याचा वैताग एकाच गोष्टीचा आहे. समजा चौथ्या कलमात लिहिलंय, लॉक-इन सहा महिने, कोणीच करार मोडायचा नाही. भाडेकरू ते वाचून निर्धास्त. आणि मग एकोणिसाव्या कलमात, सोसायटीचे नियम नि पार्किंगच्या खाली, 'नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड हिअरइन' (ह्या करारात काहीही लिहिलेलं असलं तरी) करून मालक एक महिन्याच्या नोटिशीवर केव्हाही घर रिकामं करून घेऊ शकतो!! चौथं कलम वाचताना ह्याचा पत्ताच लागत नाही. त्याजागी चौथ्याच्या सुरुवातीला 'सब्जेक्ट टू क्लॉज 19' असतं तर माणूस तिथेच थांबून पान उलटून बघतो की. काम तेच, कोण वरचढ तेही तेच, फक्त हरणारं कलम स्वतःच सांगतं की मी हरणार आहे. त्यात काही ड्राफ्टमध्ये दोन कलमं 'नॉटविथस्टँडिंग एनीथिंग'ने सुरू होतात, मग दोघांत मोठं कोण, ते वकिलांना विचारत बसा.

डिस्पाइट मधला मार्ग आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओच्या कायद्यांत सरळ 'डिस्पाइट सबसेक्शन अमुक' लिहितात आणि काही बिघडत नाही. सोसायटीला किंवा बँकेला पत्र असेल तर मी तरी डोळे झाकून हाच घेतो, तिथे नॉटविथस्टँडिंग म्हणजे उगाच दरडावल्यासारखं वाटतं.

करारात मात्र माझा कल सब्जेक्ट टू कडे. अर्थात तुमचे वकील जुन्या वळणाचे असतील तर ते ऐकतीलच असं नाही, मग निदान 'एनीथिंग' काढून नेमका कलम नंबर टाकून घ्या, आणि सही करायच्या आधी ड्राफ्ट शेवटच्या पानापासून उलटा वाचा.