आयपी आणि ऑप्टिकल: पाथ कोणी काढायचा?

तुमचे आयपी राउटर एका कंपनीचे आणि खालचं डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरमधून प्रकाशाचे अनेक रंग पाठवणारी ऑप्टिकल यंत्रणा) दुसऱ्या कंपनीचं असेल, तर आधी कागदावर इंदूर-भोपाळचे दोन पाथ काढा. एक देवास-आष्टा-सीहोरवरून, दुसरा उज्जैन-मक्सीवरून. आयपीच्या नकाशात दोन्ही स्वतंत्र दिसतील. पण इंदूरहून उज्जैनला जाणारी फायबर देवासपर्यंत त्याच डक्टमधून (जमिनीखालच्या नळीतून) नेलेली असेल, तर जेसीबीच्या एका फटक्यात मेनही गेला आणि बॅकअपही. राउटरला याचा पत्ता नसतो. ही सामाईक जोखीम, म्हणजे एसआरएलजी (एकाच फटक्यात जाणाऱ्या लिंकचा गट), खालच्या ऑप्टिकल लेअरलाच ठाऊक.

मग पाथ कोणी काढायचा? तीन रीती आहेत. पहिली, दोन्ही लेअर पाहणारा एकच पीसीई (पाथ काढणारं सॉफ्टवेअर) ठेवला तर पाथ सर्वांत चांगला निघतो. अडचण अशी की त्याला ऑप्टिकलचं सगळं पोट दाखवावं लागतं. लॅम्बडा (फायबरमधला प्रकाशाचा एक रंग, म्हणजे एक चॅनल) किती लांब पोचेल याचं गणित बहुतेक कंपन्या आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये कुलपात ठेवतात. दोन्ही लेअर एकाच कंपनीचे असतील तर खुशाल घ्या, नाहीतर नाद सोडा.

दुसरी रीत, प्रत्येक लेअरचा आपला पीसीई, आणि दोघांचं बोलणं पीसीईपी या प्रोटोकॉलवर. २००९च्या आरएफसी ५६२३मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेट तंत्रज्ञानाचे क्रमांकित दस्तऐवज) याचा आराखडा आहे. वरचा विचारतो, खालचा उत्तर देतो, गुपितं घरातच राहतात. विचारपूस होईस्तोवर थोडा वेळ जातो, पण खरा प्रश्न वेगळाच: नवीन लॅम्बडा पेटवायचा हुकूम कोणाचा? तो राउटरच्या आपोआप होणाऱ्या सिग्नलिंगवर सोडला, तर संध्याकाळच्या तासाभराच्या ट्रॅफिकपायी महागडा ट्रान्सपॉंडर (लॅम्बडा पेटवणारं उपकरण) अडकून बसतो. म्हणून त्याच आराखड्यात व्हीएनटीएम, म्हणजे वरच्या लेअरला दिसणारं जाळं सांभाळणारा मॅनेजर, आहे. तो पाथ काढत नाही. खाली नवी वाट उघडायची की नाही, एवढं धोरणाप्रमाणे ठरवतो. आयपीवाले आणि ट्रान्समिशनवाले वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात तिथे ही सोय सोन्यासारखी. (बसतातच.)

तिसरी रीत एसीटीएन, म्हणजे अनेक कंपन्यांची जाळी एकत्र चालवायचा आराखडा, २०१८चा आरएफसी ८४५३. प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर खाली, सगळ्यांना जुळवणारा एमडीएससी हा समन्वयक वर. ऑप्टिकलच्या तीन-चार कंपन्या असतील तर हीच. दोनच असतील तर इंटिग्रेशनचा खर्च जड पडेल.

इंदूर-उज्जैन-भोपाळएवढ्या जाळ्याला मी दुसरी रीत घेईन, व्हीएनटीएमसकट, आणि सुरुवातीला प्रत्येक नव्या लॅम्बडाला माणसाची मंजुरी ठेवीन. टेंडरमध्ये मात्र एक ओळ आधीच घाला: एसआरएलजी वरच्या लेअरला मिळालाच पाहिजे, आणि तो डक्टच्या पातळीवर नोंदलेला हवा. नुसत्या फायबरच्या पातळीवर नोंदला, तर देवासचा तो डक्ट पुन्हा दोन वेगळ्या वाटा म्हणूनच दिसेल.