त्रास झाला नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं

चोपडा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. जून लागला की दिवसातून पन्नास वेळा मी गिऱ्हाइकाला एकच सांगतो: कपाशीच्या पाकिटावरचा लॉट नंबर बघा, पक्कं बिल घ्या, बिल नसेल तर उद्या तक्रार कुठे कराल? आणि मीच तंबाखू सोडायची म्हणून बिनलेबलची काळी पावडर स्वतःसाठी 4,200 रुपये मोजून घेतली. लाज वाटते, पण यात्रांचे दिवस आलेत म्हणून लिहितोय.

बावीस वर्षं तंबाखू खाल्ली. सकाळी डोळे उघडले की चहाच्याही आधी चुन्याची डबी. दोनदा सोडून पाहिली. दुसऱ्या दिवशी डोकं असं तापायचं की एकदा उधारीच्या वहीत एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर चढवली आणि वर त्या बिचाऱ्यालाच झापलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पुडी फोडली. तंबाखू सोडण्यापेक्षा मला त्या तीन दिवसांचीच धास्ती होती.

डिसेंबरात सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेला गेलो, खरं सांगायचं तर घोडे बघायला. परतताना एका टेम्पोवर भोंगा वाजत होता. ‘तंबाखू सोडा, तलफ नाही, चिडचिड नाही, झोप उडणार नाही, त्रास झाला तर पैसे परत!’ त्या माणसाने माझी नस बरोबर पकडली. कॅन्सरची भीती घातली असती तर मी पुढे गेलो असतो, ते फोटो रोज पुडीवर बघतोच. बिनत्रासाचं आमिष मात्र मला नवीन होतं. 21 दिवसांची डबी 1,200 रुपये, पैसे मोबाइलवरून. डबीवर ना घटक, ना परवाना क्रमांक, ना बॅच नंबर. नुसती एका ऋषींची तसबीर.

तंबाखू बंद करायची आणि दिवसातून पाच-सहा वेळा ही पावडर चिमूटभर हिरड्यांना घासायची. आणि खरंच काही झालं नाही हो! झोप छान, डोकं शांत, गिऱ्हाइकांशी गोड. महिनाभर मी गावभर सांगत सुटलो. दुकानातल्या पोराला आणि मेव्हण्याला माझ्याच पैशाने एकेक डबी दिली. माझी संपत आली तसा त्या टेम्पोवाल्याचा फोन आला, ‘मुळं अजून आत आहेत शेठ, दोन कोर्स लागतील.’ प्रत्येकी 1,500 चे दोन कोर्स मागवले, एकामागून एक.

दुसरा कोर्स संपला आणि त्याचा फोन बंद. दुपारपर्यंत तोच जुना तमाशा: जिवाची तगमग, बिनकारण भांडण, हात सारखा खिशाकडे. तंबाखू सोडून दोन महिने झालेत, मग ही तलफ आली कुठून? त्याच आठवड्यात सासूबाई पारोळ्याहून आल्या होत्या. त्यांनी कोनाड्यातली डबी उघडली, तळाशी चिकटलेली पावडर बोटाला लावली, वास घेतला आणि हसल्या, ‘जावाई, हाई ते मिसरी शे!’

भाजलेल्या तंबाखूची पूड. त्यांनी उभं आयुष्य तिनेच दात घासलेत, त्यांचं नाक चुकणार नाही.

सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्रास झाला नाही कारण निकोटीन थांबलंच नव्हतं. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून शरीर पुन्हा मागतं. पूर्ण सोडलं तर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू उतरतं. त्रास कमी करता येतो, पण अजिबात होणारच नाही असं छातीठोक सांगणारा माणूस दिसला की पाकीट सांभाळायचं. त्यांनी विचारलं, उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली चिमूट लागते? हो म्हटल्यावर 4 मिलिग्रॅमचा निकोटीन गम चिठ्ठीवर लिहून दिला. त्यातही निकोटीनच, पण किती ते पाकिटावर छापलेलं, आणि मात्रा उतरवत न्यायची. मी तो आधी साध्या च्युइंगमसारखा चघळला आणि उचक्यांनी बेजार झालो. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचं, आणि त्याच्या पाव तास आधीपासून चहा नाही. चहाचं जड गेलं.

चिडचिड झालीच. पहिल्या आठवड्यात बायको माहेरी जाऊन राहिली, तिला दोष देत नाही.

आणखी एक. तंबाखू सोडायला फुकट मदत करणारा सरकारी क्रमांक, 1800-11-2356, पुडीवरच छापलेला असतो. ती पुडी मी रोज दातांनी फाडायचो. त्या यात्रेतल्या भोंग्याऐवजी हा नंबर लावला असता तर एक रुपया लागला नसता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला बसलो, तर पहिलाच प्रश्न बिलाचा.

दुकानातल्या पोराला खरं काय ते सांगितलं, तर तो खताच्या गोण्या रचता रचता थांबला. म्हणाला, ‘शेठ, मला पहिल्याच दिवशी वास आला होता. पण तुम्ही स्वतः दिली, म्हटलं आपण काय बोलायचं.’