इंकटँक की लेझर? गावच्या सेवा केंद्रासाठी

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-आर्णीकडं सेवा केंद्र टाकणारे पोट्टे हमखास विचारतात: प्रिंटर कोणता घेऊ?

गिऱ्हाइकाला लागतो सातबारा आणि दाखले. इथं लेझर सरस. झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदर यांनी १९६९च्या सुमारास लेझरच्या किरणानं ड्रमवर, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्यावर, अक्षरं उमटवायची कल्पना मांडली. वरिष्ठांना ती फारशी पटली नव्हती. लेझरमध्ये शाईच्या जागी टोनर असतो, म्हणजे बारीक प्लास्टिकची पूड. ती उष्णतेनं कागदावर वितळून बसते, म्हणून अक्षराची कड धारदार येते अन् क्यूआर कोड झटकन स्कॅन होतो. पावसात खिशातला सातबारा भिजला तरी आकडे पसरत नाहीत.

इंकजेटचं, म्हणजे पातळ शाई कागदावर उडवणाऱ्या प्रिंटरचं, तसं नाही. टाकीत शाई भरायचा इंकटँक त्यातलाच. कॅननमध्ये १९७७ साली तापलेली सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली, शाई उडाली, आणि त्यातूनच त्यांचं तंत्र निघालं. रंगीत शाई बहुधा पाण्यात विरघळणारी. स्वस्त कागदावर ती फुटते. काही इंकटँकांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची असते, ती बरीच टिकते. घेताना एवढं विचाराच. आणि मे महिन्यात मशीन आठ दिवस बंद ठेवलं, की शाई सोडणारं हेड सुकलंच म्हणून समजा.

पण पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका? तिथं इंकटँकच. फोटो पेपरवर चेहऱ्याच्या छटा लेझरला तशा जमत नाहीत. शिवाय लेझरचा फ्यूजर, म्हणजे टोनर वितळवणारा भाग, तापताना वीज भसकन ओढतो. लहान इन्व्हर्टर तिथंच बसतो. लोडशेडिंगच्या गावात हा मोठाच मुद्दा आहे.

माझं मत विचाराल तर साधा काळा लेझर आधी, इंकटँक हंगामात.