लिनियर प्रोग्रॅमिंग की सिस्टम डायनॅमिक्स?

दोन्ही मॅनेजमेंटच्याच प्रॉब्लेमसाठी, पण स्वभाव एकदम वेगळा. लिनियर प्रोग्रॅमिंगमध्ये आपण सांगायचं काय वाढवायचंय, मशीनचे तास किती, माल किती, की ते नेमकं उत्तर काढून देतं. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डांट्झिगने 1947 मध्ये असले प्रश्न सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत काढली, आणि शिफ्ट लावणं, कच्च्या मालाचं मिश्रण असल्या कामात ती आजही भारी आहे. वर शॅडो प्राइस फुकटात मिळते, म्हणजे मशीनचा अजून एक तास मिळाला तर फायदा कितीने वाढेल, आणि मला विचाराल तर कधी कधी मूळ उत्तरापेक्षा तोच आकडा जास्त कामाचा.

पण आपलाच निर्णय फिरून आपल्याच अंगावर येत असेल तर हे गंडतं. एमआयटीच्या जे फॉरेस्टरने 1950 च्या दशकात सिस्टम डायनॅमिक्स सुरू केलं ते अशाच भानगडींसाठी, यात साठे, उशीर आणि फिरून येणारे परिणाम मांडून काळानुसार काय होत जातं ते कॉम्प्युटरवर बघायचं. बीअर गेम खेळून बघा, म्हणजे दुकानदारापासून फॅक्टरीपर्यंत बीअरची साखळी चालवायचा खेळ. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच 4 वरून 8 पेट्या होते आणि तिथेच राहते, तरी माल यायला वेळ लागतो म्हणून दुकानदार घाबरून जास्त मागवतो, होलसेलर त्याहून जास्त, फॅक्टरीपर्यंत जाता जाता पार गोंधळ, मग अचानक ऑर्डरी बंद आणि गोदामं तुंबलेली. यात मूर्ख कोणीच नसतं बरं का!

तोटा एवढाच की यातून फक्त सगळ्या सिस्टमची वागणूक कळते, आणि बॉसला तर एक आकडा हवा असतो. मी आधी कागदावर लूप काढतो, म्हणजे कशाचा परिणाम फिरून कशावर होतो ते, आजच्या निर्णयाचे पडसाद पुढे उमटणार नसतील तर सरळ लिनियर प्रोग्रॅमिंगचा सॉल्व्हर (उत्तर काढणारं सॉफ्टवेअर) उघडतो.