अन्ननलिकेतला स्टेंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्टेंट म्हटलं की ऐकणाऱ्याचा हात आपोआप छातीकडे जातो. आमच्या अण्णांचा स्टेंट हृदयातला नाही, अन्ननलिकेतला आहे. कॅन्सरच्या गाठीमुळे आधी भाकरी बंद झाली, मग भात, शेवटी पाणीही उतरेना. गाठ काढण्याजोगी नव्हती. डॉक्टरांनी पर्याय समोर ठेवले: पोटातून नळी घालून अन्न देणं, आतून रेडिएशन, किंवा स्टेंट. रेडिएशनचा आराम उशिरा येतो पण जास्त टिकतो, असंही सांगितलं. पण पाणीच उतरत नसताना थांबणार कुठवर? आणि पोटातल्या नळीला अण्णांचा सरळ नकार होता. "नळीतनं चव कशी कळायची?"

वस्तू म्हणाल तर निटिनॉलची, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, बारीक जाळी. एका सडपातळ नळीत दाबून बसवलेली असते. एंडोस्कोपी आणि एक्स-रेच्या मदतीने गाठीच्या जागी नेऊन सोडली की आपली आपण उघडते, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पूर्ण फुलते. अशा स्टेंटची रुंदी साधारण १८ ते २३ मिलिमीटर असते. कुठे कापाकापी नाही, टाके नाहीत. गाठ जाळीतून आत वाढू नये म्हणून वर पातळ आवरण असतं. पूर्ण आवरणाचा स्टेंट घसरण्याची भीती जास्त. आमच्या स्टेंटची दोन्ही टोकं आवरणाशिवाय उघडी आहेत, ती अन्ननलिकेला घट्ट धरतात. मात्र असा स्टेंट नंतर काढणं अवघड, हे बसवण्याआधीच विचारून घ्यावं.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. छातीत आणि पाठीत असं दुखायचं की अण्णा उठून बसायचे. वेदनाशामक औषध वेळेवर दिलं तरच झोप लागायची. स्टेंट फुलत असताना असं दुखतं म्हणे. आठवड्याभरात ते ओसरलं.

पण चहा? तो दुसऱ्याच दिवशी घोटभर का होईना, ठसका न लागता गेला. एवढ्यासाठी मी या वस्तूला पूर्ण गुण देईन.

खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते स्वयंपाकघरात असतं. स्टेंट ही नुसती नळी आहे, अन्ननलिकेसारखी ती घास पुढे ढकलत नाही. म्हणून ताठ बसून, छोटे घास, भरपूर चावून, मधे मधे कोमट पाणी. मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीची आंबील, मिक्सरमधून काढलेली भाजी, अंडं चालतं. भाकरीचा पापुद्रा, मेथीचे देठ, मटणाचे धागे, ताजा ब्रेड नाही. सणाला पुरण दिलं, पोळी नाही दिली. त्यावर रुसवा झालाच. एकदा भेटायला आलेल्यांनी प्रेमाने संत्र्याची फोड दिली, ती सालपटासकट अडकली. कोमट पाणी झालं, सोडा झाला, शेवटी एंडोस्कोपी करूनच काढावी लागली. आता पाहुण्यांची फळं आधी माझ्या हातून जातात.

दुसरा त्रास आंबट पाण्याचा. अण्णांचा स्टेंट जठराच्या तोंडाशी असलेली झडप ओलांडून खाली उतरतो, त्यामुळे ती झडप मिटत नाही आणि आडवं झालं की आम्ल वर येतं. ॲसिडिटीची गोळी रोज, रात्रीचं जेवण लवकर, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. गोळीपेक्षा विटांचा फरक जास्त जाणवला, असं अण्णांचं मत.

नातेवाईक विचारतात, "मग आता वजन वाढलं का?" नाही. घास खाली जातो, पण भूक आजाराने नेलेली आहे, ती स्टेंट आणून देत नाही.

खर्चाचं म्हणाल तर २०१७ पासून सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींना मर्यादा घातली आहे, ती याला लागू नाही. स्टेंटची किंमत आणि बाकीचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. स्टेंटचं स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा. एमआरआय करायची वेळ आली तर तिथे विचारतात.

अलीकडे घास पुन्हा किंचित अडतोय. स्टेंटच्या वरच्या टोकाशी गाठ वाढली असावी, असा डॉक्टरांचा अंदाज. तसं निघालं तर आहे त्याच्या आतूनच दुसरा स्टेंट बसवता येतो. अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "बसवा. पण यावेळी दुखण्याचं औषध आधीच लिहून घ्या."