ईएसएक्सआय: मेमरीचा हिशेब चोख, पण लक्ष हवे

एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशिन्स (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये ६४ जीबी मेमरीच्या होस्टवर, म्हणजे त्या सर्व्हरवर, प्रत्येकी २४ जीबीची चार मशिन्स बिनदिक्कत सुरू होतात, कारण नेमून दिलेली मेमरी आणि राखीव (हमखास मिळणारी) मेमरी या वेगळ्या गोष्टी असून राखीव आकडा मुळात शून्य असतो. १६ जीबीच्या मशीनला ८ जीबी राखून ठेवली, की डेटास्टोअरवरची (मशिन्सच्या फाइल्स ठेवायच्या डिस्कवरची) स्वॅप फाइल, म्हणजे मेमरी कमी पडली तर वापरायची जागा, उरलेल्या ८ जीबीचीच बनते. हा रोखठोक हिशेब मला आवडतो. ताण वाढला, की बलून ड्रायव्हर (मशीनच्या आत बसवलेला छोटा प्रोग्रॅम) गेस्ट, म्हणजे त्या मशीनमधल्या, ऑपरेटिंग सिस्टिमकडून मेमरी परत मिळवतो. तेवढ्याने भागले नाही, तर कॉम्प्रेशन (मेमरीतला डेटा दाबून लहान करणे) आणि शेवटी स्वॅपिंग (तो स्वॅप फाइलमध्ये हलवणे). डेटाबेसच्या मशीनला मात्र पूर्ण मेमरी राखून द्यावी. सगळ्यांनाच दिली, तर पुढचे मशीन सुरूच होत नाही, हे मी स्वतःच्या हावरटपणापायी अनुभवले आहे.